तीस वर्षे वेदीपासून दूर

जुलै महिन्याच्या ९ तारखेला ख्रिस्तसभा चीनच्या १२० हुतात्म्यांचा सण पाळते. संत ऑगस्टिन झाओ रोंग व सोबती, असे त्या सणाचे नाव आहे. आपल्याकडे ही तारीख ऐन पावसात येते. शेतीची आणि शाळेची गडबड असते, सकाळच्या मिस्सेला मोजकीच मंडळी असतात, आणि हा सण येऊन कधी गेला हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. त्या १२० जणांत बिशप आहेत, धर्मगुरू आहेत, धर्मभगिनी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायका आहेत, लहान मुले आहेत. आणि एक अफूबाज आहे.

अफूबाज हा शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. संतांच्या चरित्रांत पापी माणसे आपल्याला नवीन नाहीत. हिप्पोचे संत ऑगस्टिन तरुणपणी किती भरकटले होते हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण त्या चरित्रांची वाट ठरलेली असते. आधी अंधार, मग एक दिवस देवाची हाक, आणि पुढे सगळा उजेड. संत मार्क जी तियानशियांग यांची वाट उलटी आहे. ते आधी चांगले होते. गावात मान होता, हाताला गुण होता, देवळाशी नाते होते. मग व्यसन लागले, आणि ते सुटल्याची कुठे नोंद नाही. असा माणूस संत कसा झाला, हे आज सांगायचे आहे. आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत, जिथे रात्री उशिरा दार वाजले की आईच्या पोटात गोळा येतो. ही हकीकत आधी त्या घरांसाठी आहे.

नावाविषयी थोडे सांगतो. त्यांच्या नावातला जी हा आपल्याकडच्या आदरार्थी जी सारखा दिसतो, पण तसा तो नाही. चिनी लोक आडनाव आधी लावतात. जी हे आडनाव, तियानशियांग हे नाव, आणि मार्क हे बाप्तिस्म्याचे.

त्यांचा जन्म १८३४ साली उत्तर चीनमध्ये जीझोऊ या भागात झाला. हा भाग आज हेबेई प्रांतात येतो. घराणे ख्रिस्ती होते. त्या परिसराची धर्मसेवा पुढे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंकडे आली. मार्क यांनी वैद्यकी शिकून घेतली. उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांतला वैद्य म्हणजे नाडी पाहणारा, काढे आणि चूर्णे देणारा, रात्री-अपरात्री बोलावले तरी जाणारा माणूस. गोरगरिबांकडून ते पैसे घेत नसत. तिथल्या ख्रिस्ती लोकांत त्यांच्या शब्दाला वजन होते. लग्न झाले, मुलेबाळे झाली. इथपर्यंत त्यांच्या आयुष्यात वेगळे असे काही नाही. आपल्याकडेही पूर्वी गावोगाव असे वैद्य होते आणि त्यांची नावे आजोबा-आजी आदराने घेत.

मग त्यांना पोटाचे दुखणे जडले. दुखणे साधे नव्हते, वेदना असह्य होत. त्यांनी औषध म्हणून अफू घेतली. त्या काळी याला कोणी वाईट म्हटले नसते. अफू वेदना थांबवते, जुलाब थांबवते, झोप आणते, आणि दुसरे काही हाताशी नसलेल्या वैद्याला ती देवाची देणगी वाटावी अशीच होती. विलायतेत अफूचा अर्क औषधांच्या दुकानात सहज मिळत असे. मुंबईतही गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया पाळी संपेपर्यंत तान्हे मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. तेव्हा मार्क यांनी स्वतःच्या पोटदुखीवर अफू घेतली, यात त्यांचे पाप शोधू नये. दुखणे हटले की नाही कोणास ठाऊक, अफू मात्र राहिली.

ही अफू येते कुठून? आपल्या घरात मिठाईवर जी खसखस टाकतात, त्याच झाडाचे हे दुसरे रूप. खसखस म्हणजे त्याचे बी, आणि त्यात नशा नसते. पण बोंड हिरवे असताना संध्याकाळी त्याला चिरा पाडल्या की पांढरा चीक पाझरतो. रात्रभरात तो तपकिरी होतो, सकाळी खरवडून घेतात. तो चीक सुकला की झाली अफू. त्याच्यातले मुख्य द्रव्य म्हणजे मॉर्फिन. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन औषधविक्याने ते वेगळे काढले. त्याच मॉर्फिनपासून पुढे हेरॉइन तयार झाले, आणि १८९८ पासून बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले. आपण ज्याला गर्द म्हणतो ते याच हेरॉइनचे भेसळयुक्त रूप. म्हणजे मार्क यांची चिलीम आणि आजच्या पोराच्या खिशातली पुडी यांचे मूळ एकच आहे.

इथे मुंबईचा संबंध येतो, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला बरे वाटत नाही. चीनच्या बादशहाने १७२९ सालीच अफूच्या विक्रीवर बंदी घातली होती. तरी इंग्रज व्यापाऱ्यांना चहा हवा होता, आणि चहाच्या बदल्यात देण्यासारखे दुसरे काही चिन्यांना नको होते. म्हणून भारतातून अफू जाऊ लागली. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून, आणि इंदूर, उज्जैन, मंदसौर या माळव्याच्या भागातली अफू आमच्या किनाऱ्यावरून. सुरुवातीस कंपनी सरकारला चुकवून ती पोर्तुगीजांच्या दमणहून जाई. पुढे सरकारने कर बसवून मुंबईचे बंदर मोकळे केले. जमशेटजी जिजीभॉय यांची संपत्ती कापसातून आणि अफूतून आली, आणि त्याच संपत्तीतून मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या व्यापारात भागीदार असलेले रॉजर द फारिया हे गोव्याचे कॅथलिक होते. ते रविवारी मिस्सेला जात असतील, दानधर्म करत असतील. जहाजात भरलेल्या पेट्या उतरल्यावर पुढे कोणाच्या घरात जातात, हे त्यांना मुंबईहून दिसत नव्हते.

१८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. एका पेटीत साधारण साठ किलो माल असे, यावरून अंदाज यावा. त्यावरून इंग्रजांनी युद्ध केले, चीन हरला, आणि १८४२ मध्ये हाँगकाँग द्यावे लागले. दुसरे युद्ध १८५६ ते १८६० पर्यंत चालले. त्यानंतर अफूची आयात कायदेशीर झाली. त्याच तहांच्या जोरावर परदेशी मिशनऱ्यांनाही चीनमध्ये आतवर जाण्याची मोकळीक मिळाली. एकाच दारातून अफू आणि सुवार्ता दोन्ही आत शिरल्या, असे चिनी माणसाला वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? १८८० च्या सुमारास भारतातून वर्षाला नव्वद हजारांहून अधिक पेट्या बाहेर जात होत्या. शांघाय आणि उत्तरेकडच्या बंदरांत माळव्याच्या मालाला विशेष गिऱ्हाईक होते. शिवाय तोवर चिनी शेतकरीही स्वतः अफू पिकवू लागले होते. अशा देशात जीझोऊच्या वैद्यबुवांना अफू मिळणे पाणी मिळण्याइतके सोपे झाले होते.

आपल्याला व्यसन लागले आहे हे मार्क यांना कळले तेव्हा ते गप्प बसले नाहीत. ते पापनिवेदनाला गेले. अफू ओढणे चीनच्या ख्रिस्ती लोकांत मोठे पाप मानले जाई, आणि भोवतालच्या अफूबाज घरांची जी दैना होती ती पाहता तसे मानले जाणे साहजिक होते. त्यांना पापक्षमा मिळाली. काही दिवसांनी ते पुन्हा आले. पाप तेच. पुन्हा आले, पुन्हा तेच. असे बराच काळ चालले. अखेर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना थांबवले. पापक्षमेसाठी पश्चात्ताप हवा, आणि पश्चात्तापात पाप सोडण्याचा निश्चय हवा, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. जो माणूस दर वेळी तेच पाप घेऊन येतो त्याचा निश्चय खरा नाही, असे त्या धर्मगुरूंनी मानले. अफू सुटेपर्यंत मार्क यांना पापक्षमा मिळणार नव्हती. आणि पापक्षमा नाही म्हणजे ख्रिस्तशरीरही नाही.

त्या धर्मगुरूंना आज दोषी ठरवणे सोपे आहे. ते कठोर मनाचे होते असे मानायला आधार नाही. व्यसन हा आजार आहे हे तेव्हा युरोपातल्या नामवंत डॉक्टरांनाही धड माहीत नव्हते. इच्छा असेल तर माणूस सोडेल, सोडत नाही म्हणजे इच्छाच नाही, एवढेच सर्वांना ठाऊक होते. पण ते चुकले, हेही लिहिणे भाग आहे. हीच चूक आजही आपल्या घरांत, ओसरीवर, लग्नाच्या मांडवात रोज होते. त्याला सोडायचेच नाही हो, असे किती सहज म्हटले जाते!

आज जे कळले आहे ते थोडक्यात असे. आपल्या मेंदूत वेदना शमवणारी आणि सुख देणारी काही द्रव्ये निसर्गतःच तयार होतात, आणि ती जिथे बसतात अशा जागा पेशींवर असतात. मॉर्फिन नेमके त्याच जागांवर जाऊन बसते, पण कितीतरी पट जोराने. काही आठवडे रोज घेतले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग तेवढ्याच प्रमाणात पूर्वीचे सुख मिळत नाही, प्रमाण वाढवावे लागते. पुढे तर सुखासाठी नव्हे, नुसते माणसासारखे उभे राहण्यासाठी ते घ्यावे लागते. एखादा दिवस मिळाले नाही तर नाक-डोळे वाहू लागतात, अंगावर काटा येतो, हाडे ठणकतात, ओकाऱ्या आणि जुलाब होतात, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. आठवडाभरात शरीर निवळते. पण ओढ निवळत नाही. ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते, आणि एखादा जुना रस्ता, जुना मित्र, जुना वास पुरेसा होतो. ज्यांना पोटाच्या दुखण्यासाठी अफू लागली त्या मार्क यांचे काय होत असेल याची कल्पना करावी. अफू सोडली की जुलाब आणि पोटात मुरडा. म्हणजे मूळचाच आजार परत आल्यासारखा.

तेव्हा उपचार म्हणून काय होते? काही मिशनरी दवाखान्यांतून अफू सोडवण्याच्या गोळ्या मिळत. त्यांत बहुधा मॉर्फिनच असे. अफू सुटे आणि गोळी लागे. चिनी लोकांनी त्या गोळ्यांना येशूची अफू असे नाव ठेवले होते. हे वाचून हसू येते आणि लगेच जाते.

तर मार्क यांना धर्मगुरूंनी दूर ठेवले तेव्हा ते साधारण पस्तीस-छत्तीस वर्षांचे असतील. पुढची तीस वर्षे त्यांनी पापक्षमेविना आणि ख्रिस्तशरीराविना काढली. आणि या तीस वर्षांत ते मिस्सेला जात राहिले.

आम्हांला या चरित्रात हीच गोष्ट सर्वांत अवघड वाटते. हौतात्म्यापेक्षाही अवघड. हौतात्म्य एका दिवसाचे असते. खेड्यातल्या ख्रिस्ती समाजात सगळे सगळ्यांना ओळखतात. वैद्यबुवा अफू ओढतात हे सर्वांना ठाऊक होते, त्यांना का थांबवले आहे हेही ठाऊक होते. दर मिस्सेला बाकीची मंडळी उठून वेदीकडे जातात, आपली बायकामुलेही जातात, आणि आपण तिथेच गुडघे टेकून राहायचे. ज्यांच्या मुलांना आपण तापातून उठवले, तेच शेजारी बाजूने निघून जाणार. असे एक रविवार नव्हे, तीस वर्षांचे रविवार. दुसरा कोणी असता तर रागावून घरी बसला असता, किंवा लाजेने. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे लोक आहेत. मिस्सा चालू असताना देवळाच्या मागच्या दारापाशी, झाडाखाली, पार्किंगच्या जागेत उभे राहणारे पुरुष आपण पाहतो. त्यांतले काही नुसते आळशी असतात, हे खरे. पण काहींना आत यायची लाज वाटते, हेही तितकेच खरे, आणि त्यांना कोणी आत बोलावल्याचे आम्ही फारसे पाहिलेले नाही.

मार्क यांनी एक प्रार्थना धरून ठेवली होती असे सांगतात. आपल्याकडून अफू सुटत नाही, तेव्हा साध्या मार्गाने स्वर्ग आपल्याला नाही, असे त्यांना वाटे. म्हणून ते देवाकडे हुतात्म्याचे मरण मागत. ही प्रार्थना ऐकायला फार भव्य वाटते. खरे तर ती एका हताश माणसाची प्रार्थना आहे. ज्याला रोजच्या जगण्यात सुटका दिसत नाही, तो मरणात ती मागतो. आपल्या आसपासच्या एखाद्या व्यसनी माणसाने असे काही बोलून दाखवले तर ते भक्तीचे लक्षण न मानता त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मार्क यांना जे मिळाले नाही ते आज मिळू शकते, म्हणून इथे त्यांची हकीकत क्षणभर थांबवतो. १९८० नंतर मुंबईत गर्द आली आणि झोपडपट्टीपासून बड्या घरांपर्यंत मुले तिच्या तावडीत सापडली. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर ज्यो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, त्याला पु. ल. देशपांडे यांनी हात दिला. अनिल अवचटांच्या गर्द या पुस्तकाने महाराष्ट्राला पहिल्यांदा या विषाची ओळख करून दिली. अशा ठिकाणी माणसाला पापी म्हणून वागवत नाहीत, रोगी म्हणून वागवतात, आणि पुन्हा घसरला तर पुन्हा घेतात. अफूच्या जातीच्या व्यसनावर आता ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरलेल्या प्रमाणात, कधी वर्षानुवर्षे दिली जातात. एका नशेच्या जागी दुसरी नशा, असे काही लोक त्याला म्हणतात. ते चूक आहे. मधुमेहाच्या रोग्याला आपण असे म्हणत नाही.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार १० ते ७५ वयाचे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, आणि सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफू, हेरॉइन किंवा त्या जातीच्या गोळ्या-औषधे घेतात. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. बेकायदा मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकाला. बाकीचे मार्क यांच्यासारखेच आहेत, सोडायची इच्छा असो वा नसो, हाताशी काही नाही.

घराघरांत लक्ष कुठे ठेवावे, हे मार्क यांच्याच आयुष्यावरून कळते. त्यांची सुरुवात औषधातून झाली. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या, ज्यांना पोरे बटन म्हणतात, यांची सुरुवातही आजारातून किंवा मित्राच्या खिशातून होते. ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवू नयेत. अलीकडे मुंबई आणि आसपासच्या गावांत एमडी नावाची पावडर पसरली आहे. ती अफूच्या जातीची नव्हे, पण माणूस तितक्याच वेगाने तिच्या हाती जातो. आणि दारू? ती आपण नशेत मोजतच नाही. बारसे, लग्न, घरभरणी, मयताच्या नंतरचा दिवस, सगळीकडे ती हवीच. ज्या मांडवात बाप मुलाला पहिला पेला स्वतःच्या हाताने देतो, त्या मांडवात मुलाच्या व्यसनाची चर्चा करण्याचा आपल्याला फारसा अधिकार उरत नाही.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प बसतात. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, थोड्या प्रमाणात माल सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार पुरे केले तर त्याच्यावर खटला होऊ नये अशी तरतूद आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे, फोन मोफत आहे आणि नाव उघड करावे लागत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही मार्क यांच्या काळातल्यापेक्षा नेमकी झाली आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ औषधोपचाराखेरीज मादक पदार्थ घेणे हा गंभीर अपराध मानतो. पण सवय, भीती, मनावरची ओढ यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, कधी उरतही नाही, हेही तोच ग्रंथ सांगतो. मार्क यांनी आज पापनिवेदन केले असते तर त्यांना पापक्षमा मिळाली असती, आणि सोबत डॉक्टरांचा पत्ताही.

आता १९०० सालाकडे येऊ. उत्तर चीनमध्ये दुष्काळ पडला होता. परदेशी सत्तांनी बंदरे, रेल्वे, खाणी बळकावल्या होत्या. परदेशी मिशनऱ्यांच्या आश्रयाला असलेल्या चिनी ख्रिस्ती लोकांना कोर्टकचेरीत झुकते माप मिळते, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती, आणि काही ठिकाणी ती खरीही होती. या सगळ्या संतापातून यिहेतुआन नावाची चळवळ उठली. इंग्रज तिला बॉक्सर म्हणत, कारण तिचे लोक मुष्टियुद्धासारख्या कसरती करत. जूनमध्ये राजमाता त्सिशी यांनी त्यांची बाजू घेतली. मग गावोगाव ख्रिस्ती लोकांची कत्तल सुरू झाली. परदेशी थोडे मेले, चिनी ख्रिस्ती हजारोंनी मेले. त्याच येशूसंघीय मिशनच्या झूजियाहे गावात २० जुलै रोजी फादर मांजां आणि फादर देन हे दोघे धर्मगुरू देवळात आसऱ्याला आलेल्या लोकांसह मारले गेले.

मार्क यांना त्याआधीच पकडले होते. सोबत मुलगा, सुना आणि नातवंडे. सुटकेची वाट अनेकांना दाखवली जाई. धर्म सोडतो असे म्हणायचे, की मोकळे. मार्क यांच्यापाशी तर कारणही तयार होते. ज्या ख्रिस्तसभेने आपल्याला तीस वर्षे वेदीपाशी येऊ दिले नाही, तिच्यासाठी का मरावे? आणि भोवतालच्यांनाही वाटले असेल की सर्वांत आधी हाच माणूस गळणार. अफूच्या माणसाचा कशावर भरवसा ठेवायचा? शिवाय अटकेत अफू कुठली? वर सांगितलेला तो दुसरा-तिसरा दिवस त्यांनी कसा काढला असेल, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, हे व्यसनमुक्ती केंद्रात काम केलेल्या कोणालाही विचारावे.

ते गळले नाहीत. वधाकडे नेत असताना एका नातवाने, आपण कुठे चाललो आहोत असे आजोबांना विचारले, आणि घरी चाललो आहोत असे त्यांनी सांगितले, अशी आठवण सांगतात. मारेकऱ्यांकडे त्यांनी एकच मागणे मागितले. आपल्याला सर्वांत शेवटी मारावे. घरच्या कोणालाही एकट्याने मरावे लागू नये, म्हणून. मागणे मान्य झाले. एकेकाचा शिरच्छेद होत असता ते प्रत्येकाच्या जवळ उभे होते आणि पवित्र मरियेची लितनी गात होते, जिला आपल्याकडची जुनी मंडळी लादीन म्हणतात. ज्या माणसाला घरच्यांनी तीस वर्षे सांभाळले, निदान दाराबाहेर काढले नाही, तो शेवटच्या घडीला त्यांना सांभाळत होता. सगळे संपल्यावर त्यांचे नाव आले. ती तारीख ७ जुलै १९००.

मरतेवेळी त्यांना ख्रिस्तशरीर मिळाले नाही. पापक्षमा द्यायला धर्मगुरू तिथे नव्हते.

पोप बारावे पायस यांनी १७ एप्रिल १९५५ रोजी त्यांना इतर हुतात्म्यांसोबत धन्यवादित घोषित केले. १ ऑक्टोबर २००० रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनच्या १२० हुतात्म्यांना संतपद दिले. तो दिवस चीनचा राष्ट्रीय दिन होता, त्यामुळे बीजिंगच्या सरकारने जोरदार निषेध केला. त्या १२० जणांत ३३ परदेशी मिशनरी होते आणि ८७ चिनी. त्या ८७ मध्ये जीझोऊचे वैद्य मार्क जी तियानशियांग आहेत. त्यांच्या घरच्या सर्वांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. येत्या ९ जुलैच्या मिस्सेत त्यांचीही आठवण ठेवावी.